शंभर तारांचें गोत्र

एखादें वाद्य मूळचें आपलें आहे असें म्हणतां येण्यांत माणसाला मोठा संतोष असतो. देश, धर्म आणि भाषा यांविषयींचा अभिमान तो उघड बोलून दाखवितो. वाद्यांविषयींचा अभिमान इतिहासाच्या आडून बोलून दाखवितो, इतकाच फरक. आपल्याकडे संगीताच्या इतिहासावर जीं व्याख्यानें होतात, त्यांत एक विधान आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें आतां आम्हांस पाठ झालें आहे. संतूर म्हणजे वेदकाळची शततंत्री वीणा. ती येथून इराणांत गेली, इराणांतून युरोपांत गेली, तेथें तिला पट्ट्या बसविल्या आणि तिचा पियानो झाला! टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आमच्या वर्गांतील मुलेंही उत्तरपत्रिकेंत ही वंशावळ बिनदिक्कत लिहितात, व तिला गुण द्यावे कीं कापावे हा पेंच दरवर्षीं आमच्यापुढें उभा राहतो. ही वंशावळ कितपत टिकते, याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

संतूर आणि पियानो यांचें कांहीं नातें आहे, हें खरें. वाद्यांचे अभ्यासक या दोहोंस एका मोठ्या कुळांत घालतात व त्यास ‘झिथर’ हें नांव देतात. त्याचें लक्षण समजण्यास सोपें आहे. आपला तंबोरा डोळ्यांपुढें आणावा. त्याचा भोपळा आणि दांडी हीं एकमेकांत अशीं सांधलेलीं असतात कीं, एक काढलें तर दुसरें निकामी होतें. झिथरकुळांतील वाद्यांस अशी निराळी मान नसते. तारा ज्या फळीवर, पेटीवर किंवा नळीवर ताणलेल्या, ती फळी, पेटी अगर नळी म्हणजेच वाद्य. नाद घुमावा म्हणून खालीं भोपळा बांधला असेल तर तो सोडून घ्यावा. नाद क्षीण होईल, पण तारा जेथल्या तेथें राहतील. या कसोटीनें पाहिलें म्हणजे गवयाच्या मांडीवरचें स्वरमंडळ, काश्मिरी संतूर, चिनी छिन, जपानी कोतो, अरबांचा कानून हीं सारीं एका कुळांत येतात. आणि दिवाणखान्यांतला पियानोही त्यांतच येतो, कारण पट्ट्या व हातोड्या बाजूला केल्या म्हणजे पेटींत ताणलेल्या तारांपलीकडे त्यांत उरतें काय? उलट, वारकऱ्याच्या गळ्यांतील वीणा नांवानें वीणा असली तरी जातीनें तंबोऱ्याची; आणि बीनकाराची रुद्रवीणा मात्र, तिचे दोन्ही भोपळे दांडीस बाहेरून बांधलेले असल्यामुळें, झिथरकुळांत मोडते.

ही कसोटी एरिख फॉन हॉर्नबोस्टेल व कुर्ट झाक्स या दोन पंडितांनीं १९१४ सालीं घालून दिली. तिचा पाया ब्रुसेल्स येथील संगीतविद्यालयाच्या वाद्यसंग्रहाचे पालक व्हिक्टर माहियों यांनीं आधींच घातला होता, आणि तो संग्रह उभा राहिला त्यांत एका हिंदी देणगीचा मोठा वांटा होता. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनीं १८७६ सालीं बेल्जमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांस सुमारें शंभर हिंदी वाद्यें नजर केलीं, तीं माहियोंच्या हवालीं झालीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार भाग आहेत. टागोरांनीं तेच आपल्या १८७५ च्या ‘यंत्रकोष’ ग्रंथांत नव्यानें मांडले होते. माहियोंनीं केलेले चार भागही हेच! तेव्हां वाद्यांची जात ठरविण्याचें माप युरोपानें आपल्याकडून उचललें, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे. अभिमानच बाळगावयाचा तर तो येथें बाळगावा. पण व्याख्यानांत याचा उच्चार आम्हीं अद्याप ऐकलेला नाहीं.

मात्र माप कोणाचेंही असो, त्यानें वर्ग ठरतो. वंश ठरत नाहीं. पंख आहेत म्हणून वटवाघूळ कांहीं चिमणीचें भावंड होत नाहीं. ताणलेल्या तारेला छेडलें कीं ती बोलते, हा शोध मनुष्यास एकाच ठिकाणीं लागला व तेथून जगभर वांटला गेला, असें मानण्याचें कारण नाहीं.

नांवांवर तर मुळींच भिस्त ठेवूं नये. ‘झिथर’ हा शब्द ग्रीकांच्या ‘किथारा’पासून निघाला, व ‘गिटार’ हाही त्याच शब्दापासून निघाला. आणि मूळची किथारा पाहावी तर पेटींतून वर आलेल्या दोन बाहूंवर आडवी काठी टाकून तिच्यापासून तारा खालीं ताणलेल्या, म्हणजे ती झिथरही नव्हे व गिटारही नव्हे. ‘कानून’ हा शब्द कायदेकानू या जोडशब्दांत आपण सहज वापरतों. ग्रीक भाषेंत ‘कानोन’ म्हणजे मोजपट्टी, नियम. स्वरांचीं अंतरें मोजण्यासाठीं पायथागोरसच्या परंपरेंतील पंडित जी एका तारेची फळी वापरीत तिलाही तेंच नांव होतें. अरबी भाषेनें तो शब्द घेतला; त्यांतला नियम न्यायाधीशाकडे गेला व तारा वादकाकडे. ‘संतूर’ हा शब्द शततंत्रीपासून आला असें म्हणणाऱ्यांनीं ज्यूंचा दानिएल नामक ग्रंथ पाहावा. बाबिलोनच्या राजाच्या वाद्यांची तेथें यादी आहे, व तींत ‘प्सन्तेरीन’ असा एक शब्द आहे. तो ग्रीक ‘प्साल्तेरिओन’चा अपभ्रंश असून त्याच वाटेनें पुढें ‘संतूर’ झाला असें भाषापंडित मानतात. यांतही गंमत अशी कीं, प्साल्तेरिओन बोटांनीं छेडीत आणि संतूरवर काड्यांनीं आघात करतात!

मग वंश ठरवावा कसा? ज्या ठिकाणीं जमिनींतून निघालेलें प्रत्यक्ष वाद्य, लेखी वृत्तांत आणि चालू परंपरा यांचा मेळ बसतो, तेथें तो ठरतो. आणि या बाबतींत पूर्व आशियासारखा भाग्यवान प्रदेश दुसरा नाहीं. १९७८ सालीं चीनच्या हूपेई प्रांतांत त्सेंग नामक लहानशा प्राचीन राज्याच्या यी या अधिपतीचें थडगें उकरण्यांत आलें. त्यांत ६५ घंटांचा एक संच निघाला, व त्यांतील एका घंटेवरच्या लेखामुळें थडग्याचा काळ इ. स. पूर्वी ४३३ च्या सुमाराचा ठरला. त्या घंटांच्या सोबतीस २५ तारांचीं ‘से’ नांवाचीं वाद्यें होतीं आणि दहा तारांचें एक छिनही होतें. पुढें छिनच्या तारा सात ठरल्या, आणि कन्फ्यूशियसचें नांव ज्या वाद्याशीं कायमचें जोडलें गेलें तें हेंच.

छिनची रचना पाहिली तर ती अगदीं साधी. रोगण दिलेली लांबट पोकळ फळी, तिच्यावर सात रेशमी तारा. मध्यें घोड्या नाहींत, पडदे नाहींत. कडेला शिंपल्याचे तेरा ठिपके, एवढीच खूण. उजव्या हातानें तार छेडावी आणि डाव्या हाताचें बोट तिच्यावरून घसरवीत न्यावें. आपला बीनकार ज्यास मींड म्हणतो, तोच याचा प्राण. आवाज इतका लहान कीं शेजारच्या खोलींत पोहोंचण्याची मारामार. तो पोहोंचावा अशी अपेक्षाही नव्हती. विद्वानानें हें स्वतःसाठीं वाजवावें, फार तर एका मित्रासाठीं. पो-या नांवाचा वादक छिन वाजवी व त्याच्या मनांत डोंगर आहे कीं वाहतें पाणी आहे हें चुंग त्झु-छी नांवाचा त्याचा मित्र नुसत्या स्वरांवरून ओळखी. मित्र वारला तेव्हां पो-यानें तारा तोडल्या व पुन्हां वाद्यास हात लावला नाहीं, अशी जुनी कथा आहे. चिनी भाषेंत जिवलग मित्रास आजही ‘स्वर जाणणारा’ असें म्हणतात, तें यावरून.

या वाद्याची लेखनपद्धति तर विलक्षणच आहे. स्वर कोणता हें तींत लिहीत नाहींत. कोणत्या बोटानें कोणती तार, कोणत्या ठिपक्यापाशीं दाबून, कोणत्या दिशेनें छेडावी हें लिहितात. काळाचें मान मुळींच लिहीत नाहींत. ‘एकाकी ऑर्किड’ या अर्थाच्या नांवाची एक रचना जपानांत राखलेल्या तांगकाळच्या हस्तलिखितांत आजही वाचतां येते. पण प्रत्येक स्वरावर थांबावें किती, हें वाजविणाऱ्यानें जुळवून घ्यावें, आणि एका रचनेस त्यासाठीं महिनेच्या महिने लागतात. जुन्या बंदिशींचीं नुसतीं स्वरलिपींतलीं पुस्तकें हातीं घेऊन बसलेल्या आमच्या मित्रांस ही अडचण अपरिचित वाटणार नाहीं.

१९६६ पासून दहा वर्षें चीनमध्यें जी सांस्कृतिक क्रांति चालली, तींत छिनवर सरंजामी विद्वानांचें वाद्य म्हणून मोठा घाला पडला. त्याच सुमारास रेशमी तारा जाऊन पोलादी तारा आल्या. २००३ सालीं युनेस्कोनें या कलेस मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें. पण त्याच्याही आधीं तिला एक निराळा मान मिळून चुकला होता. १९७७ सालीं व्हॉयेजर नामक दोन अवकाशयानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका पृथ्वीची ओळख म्हणून पाठविली, तींत क्वान फिंग-हू यांनीं वाजविलेली ‘वाहतें पाणी’ ही रचना आहे. त्याच मुद्रिकेवर गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

छिनचें एक भावंड ‘झेंग’. त्याच्या प्रत्येक तारेखालीं सरकती घोडी असते, व आवाज मोठा असतो. हें भावंड मात्र प्रवासी निघालें. कोरियांत त्यास बारा तारा आहेत व नांव कायागुम. ११४५ सालच्या ‘तीन राज्यांचा इतिहास’ या कोरियन ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, काया राज्याच्या कासिल राजानें चिनी वाद्य पाहून हें वाद्य करविलें. पुढें राज्यांत धामधूम होतांच ऊ-रुक नांवाचा त्याचा वादक वाद्य उचलून शेजारच्या सिल्ला राज्याच्या आश्रयास गेला. ही नुसती दंतकथा म्हणून सोडून दिली असती. पण जपानमध्यें नारा येथील शोसोइन या राजकीय भांडारांत आठव्या शतकाच्या सुमाराचे ‘सिल्लाचे कोतो’ आजही ठेवलेले आहेत, व त्यांची घडण कायागुमची आहे. लेख आणि वस्तु यांची अशी सांगड बसली म्हणजे वंशावळीस वंशावळ म्हणतां येतें.

जपानचा तेरा तारांचा कोतो झेंगच्याच वंशांतला. जपानी लोक त्याचें नांव कित्येकदां छिनच्या अक्षरानें लिहितात, ही पुन्हां नांवांची फसवणूक! दरबारीं संगीतांतून हें वाद्य बाहेर काढण्याचें श्रेय यात्सुहाशी केंग्यो (१६१४–१६८५) या अंध वादकाकडे जातें. ‘केंग्यो’ हें आडनांव नव्हे. अंध कलावंतांची व वैद्यकी करणारांची जी राजमान्य संघटना होती, तिच्यांतील ती सर्वोच्च पदवी. ही संघटना १८७१ सालीं नव्या राजवटीनें मोडून टाकली. अंधांच्या हातीं शतकानुशतकें असलेला एक धंदा त्या दिवशीं सर्वांस खुला झाला, हा न्याय झाला कीं अन्याय, हें ठरविणें कठीण आहे. तरीही पुढच्या शतकांत कोतोला नवें आयुष्य दिलें तें मियागी मिचिओ (१८९४–१९५६) यांनीं, आणि तेही अंधच होते. त्यांनीं मंद्र स्वरांसाठीं १७ तारांचा मोठा कोतो केला. त्यांची १९२९ ची ‘वसंतांतला समुद्र’ ही कोतो व बांसरी यांची रचना जपानांत नव्या वर्षाच्या दिवसांत सर्वत्र ऐकूं येते. रात्रीच्या आगगाडींतून पडून त्यांचा अंत झाला.

लेखी वृत्तांत नसतांही वंश सिद्ध होतो, याचें एक उदाहरण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आहे. मादागास्कर बेटांत ‘वालिहा’ नांवाचें वाद्य वाजवितात. बांबूचें एक जाड पेर घ्यावयाचें, त्याच्या सालीचेच बारीक धागे उभे सोलून, दोन्ही टोकें तशींच ठेवून, खालीं लहान लहान ठोकळे सारावयाचे, झाल्या तारा! अलीकडे सायकलच्या ब्रेकची तार उसवून लावतात. आतां बांबूची अशी नळी आफ्रिकेंत समोरच असतां तिचे सख्खे भाऊ सांपडतात ते बोर्निओ, फिलिपाइन्स, तिमोर इकडे, सबंध हिंदी महासागर ओलांडून. केवळ आकारावरून हें नातें कोणी सांगितलें असतें तर आम्हीं हंसून सोडून दिलें असतें. परंतु मादागास्करची भाषाच बोर्निओच्या दक्षिणेकडील मान्यान भाषेची बहीण आहे, हें ऑटो डाल या नॉर्वेच्या पंडितानें १९५१ सालीं दाखवून दिलें, व पुढें रक्ताच्या तपासणीनेंही तेंच निघालें. माणसें होड्यांतून आलीं, भाषा घेऊन आलीं, आणि बांबूला गातें करण्याची युक्तीही घेऊन आलीं.

युरोपांत या कुळाचीं जीं माणसें आहेत, त्यांचा परिचय थोडक्यांत करून देतों. फिनलंडच्या ‘कालेवाला’ महाकाव्यांतला नायक माशाच्या जबड्याचें कान्तेले करतो. लाटव्हियांत, लिथुआनियांत व रशियांत तशींच वाद्यें आहेत, आणि मूळचें कोणाचें यावर तिकडेही अभिमानाचे वाद झालेले आहेत. आल्प्स पर्वतांतील झिथर हें खेडवळ वाद्य होतें. बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियन, म्हणजे ऑस्ट्रियाच्या एलिझाबेथ सम्राज्ञीचा बाप, त्यानें योहान पेट्झमायर या वादकास पदरीं ठेवून तें स्वतः शिकून घेतलें, तेव्हां त्यास दरबारांत पाट मिळाला. १९४९ सालच्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटानें तें जगभर पोहोंचविलें; महायुद्धानंतरच्या मोडक्या व्हिएन्नाची ती सारी कथा आंतोन काराश या मद्यगृहांत वाजविणाऱ्या वादकाच्या एकट्या झिथरवर चालते. राहतां राहिला पियानो. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनें १७०० च्या सुमारास तो केला, पण संतूरला पट्ट्या बसवून नव्हे. तार छेडणारें पट्ट्यांचें वाद्य तेथें आधींपासून होतें, त्यांत छेडण्याऐवजीं हातोडीचा आघात त्यानें आणला. संतूरच्या चुलत घराण्यांतील काड्यांनीं वाजविण्याचीं वाद्यें युरोपांत तेव्हां होतीं, आणि त्यांचा पुढील पियानोवादनावर संस्कार झाला हें मान्य. पण चुलता म्हणजे बाप नव्हे.

आतां घरीं येऊं. सरस्वतीच्या हातीं आपण जी वीणा पाहतों ती अनादि आहे अशी आपली समजूत. परंतु समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो सम्राट् मांडीवर घेऊन जी वाजवीत बसला आहे, तिला भोपळा-दांडी नाहीं. ती धनुष्यासारखी वांकलेली आहे. सांची, भारहुत, अमरावती येथील शिल्पांतही तशीच. आनंद कुमारस्वामी यांनीं १९३० सालीं ग्रंथवचनें आणि शिल्पें शेजारीं ठेवून दाखविलें कीं, प्राचीन ग्रंथांतील वीणा ती हीच. गुप्तकाळानंतर ती मागें पडली व दांडीची वीणा पुढें आली. ब्रह्मदेशांत मात्र तिची वारस आजही वाजते आहे. म्हणजे ‘वीणा’ हें एकच नांव आपण दोन निराळ्या कुळांतील वाद्यांस दिलें. यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं जमाखर्चाचा मुख्य अधिकारी असलेला शार्ङ्गदेव तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहितो, तेव्हां दांडीच्या एकतंत्री वीणेचें माहात्म्य तो असें गातो कीं, तिच्या नुसत्या दर्शनानें व स्पर्शानें पातकें जळावीं. मागल्या शतकांत झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनीं दांडी व भोपळे थोराड करून रुद्रवीणेचा आवाज खोल नेला, आणि पनवेलजवळ पळस्पे येथें आपलें गुरुकुल स्थापिलें. वाद्य बदलतें म्हणूनच जगतें.

आणि ती शततंत्री? तैत्तिरीय संहितेंत महाव्रत नामक यज्ञविधींत ‘वाण’ नांवाचें शंभर तंतूंचें वाद्य येतें, हें खरें आहे. पण शंभर कां, याचें कारण तेथेंच दिलें आहे: मनुष्याचें आयुष्य शंभर वर्षांचें, म्हणून. तो शंभराचा आंकडा यज्ञाचा आहे. काश्मिरी संतूरच्या शंभर तारांचा हिशेब निराळा. २५ घोड्या व प्रत्येकीवर चार तारा. इराणी संतूरला ७२ असतात, कारण तेथें चारांचे अठराच संच. एक शंभर मंत्रांतला, दुसरा सुताराच्या मोजपट्टींतला. त्यांची गांठ पडली ती योगायोगानें. मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत एकास दुसऱ्याशीं जोडणारें शिल्प नाहीं, चित्र नाहीं. उलट काश्मीरांत हें वाद्य ज्या सूफियाना मौसिकींत वाजतें, तिच्या सर्वांगावर इराणची छाया आहे.

पंडित शिवकुमार शर्मा यांनींही शततंत्रीचें नातें अभिमानानें सांगितलें. त्यांच्या कर्तृत्वास त्या नात्याची मुळींच गरज नव्हती. १९५५ सालीं मुंबईंत हरिदास संगीत संमेलनांत त्यांनीं संतूर वाजविलें तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा. ज्यांत मींड निघत नाहीं त्यांत राग कसा वाजणार, असें जाणते म्हणाले, व तो आक्षेप निराधारही नव्हता. आघात केला कीं स्वर तुटतो. पंडितजींनीं तारांची मांडणी बदलली, तारा कमी केल्या, तिवईवरचें वाद्य मांडीवर घेतलें, आणि काडी तारेवर हलकेंच थरथरत सरकवून तुटक्या स्वरांतून अखंड आलाप उभा केला. ज्या वाद्यामुळें ‘शततंत्री’ हें नांव घरोघर पोहोंचलें, त्याच्या अंगावर आतां शंभर तारा नाहींत! मुलांच्या उत्तरपत्रिकांत आम्हांस हें वाचावयास मिळालें तर आम्ही पुरे गुण देऊं.

खरोखर जुन्या नात्याचा शोध घ्यावयाचा, तर तो स्वरमंडळाचा घ्यावा. शार्ङ्गदेवानें एकवीस तारांच्या ‘मत्तकोकिला’ वीणेस सर्व वीणांत मुख्य म्हटलें आहे. आणि पंधराव्या शतकांत विजयनगरचा टीकाकार कल्लिनाथ त्यावर सांगतो कीं, हिलाच लोक स्वरमंडळ म्हणतात. पुढच्या शतकांत अबुल फजल ‘ऐने अकबरी’ लिहितो. त्यानें कल्लिनाथ वाचला असण्याचा संभव फार थोडा. तोही म्हणतो: स्वरमंडळ कानूनसारखें असतें, त्यास एकवीस तारा, कांहीं लोखंडी, कांहीं पितळी, कांहीं तांतीच्या. दोन निरनिराळ्या तोंडीं तोच आंकडा! अकबराच्या दरबारीं ग्वाल्हेरचा बीरमंडल खां तें वाजवी, असेंही तो नमूद करतो. म्हणजे गायकाच्या आधारावांचून, स्वतंत्रपणें ऐकण्याचें तें वाद्य होतें. त्या वादनाची परंपरा मागें उरली नाहीं. बडे गुलाम अली खां (१९०२–१९६८) आणि किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्यासारख्यांच्या मांडीवर तें आपण पाहिलें, तें गातां गातां बोटें फिरविण्यापुरतें. राग बदलला कीं त्याच्या साऱ्या तारा नव्यानें लावाव्या लागतात. गायिका कान तारेजवळ नेऊन किल्ली फिरवीत असते, आणि तेवढा वेळ सभागृहांतील मंडळी आपसांत बोलून घेतात.